‘लूट’ इंग्रजीत गेली ती कशी?

वर्धा-नागपूर रस्त्यावरचे केळझर लोकांना माहीत आहे ते सिद्धिविनायकामुळे आणि बकासुराच्या कथेमुळे. महाभारतातली एकचक्रा नगरी ती हीच, असे इथे मानतात. मला मात्र या भागाचा विषय निघाला की गढ्या आठवतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेंढाऱ्यांनी वर्ध्याचा मुलूख इतका नागवला, की गावोगाव मातीच्या गढ्या उभ्या राहिल्या. पेंढारी आल्याची हाकाटी झाली की माणसे गढीच्या आसऱ्याला पळत. त्यांच्या तोंडी जो शब्द होता, तोच इंग्रजांनी उचलला: ‘लूट’.

शब्द मूळ संस्कृत ‘लुण्ट्’ धातूचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो कंपनीच्या लोकांच्या लिखाणात नाम म्हणून दिसतो, पुढच्या शतकात त्याचे क्रियापद झाले. 1886 साली यूल आणि बर्नेल यांचा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश आला, त्यात या शब्दाची नोंद आहे. चीनचे युद्ध, क्रिमियाचे युद्ध आणि 1857 या काळात तो इंग्लंडात रुळला, असे ते सांगतात. या कोशाचे नावच ‘हॉब्सन-जॉब्सन’. मोहरममधला ‘या हसन, या हुसैन’चा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानी पडला, त्याचे त्यांनी केलेले हे रूप!

इंग्रजीत प्लंडर, पिलेज असे शब्द आधीच होते. मग नवा कशाला? मला वाटते, हे काम इथल्यांचे, हे दाखवायला इथलाच शब्द सोयीचा होता. आजही पेंढारी म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे मुसलमान येतो. करीम खान, वासिल मुहम्मद ही नावे खरीच. पण त्या टोळ्यांत हिंदूही होते, मुसलमानही. शिंदे-होळकरांच्या फौजांबरोबर ते बिनपगारी फिरत, लूट हाच त्यांचा पगार.

मराठीत या क्रियापदाला दुसरी बाजूही आहे. दसऱ्याला आपण सोने लुटतो, संक्रांतीला बायका वाण लुटतात, म्हणजे चक्क देतात. आनंदही लुटतो. इंग्रजीत यातले काही गेले नाही. दंगल झाली, दुकान फोडले, की तिथल्या बातमीत हे क्रियापद हटकून येते.

स्वतःच्या लुटीला मात्र इंग्रज फौजेत ‘प्राइज’ म्हणत, म्हणजे बक्षीस. 1817-18 च्या युद्धात हाती लागलेला माल ‘डेक्कन प्राइज’ ठरला. त्याच्या वाटणीवरून हेस्टिंग्ज आणि हिस्लॉप यांच्या सैन्यांत तंटा लागला, तो लंडनपर्यंत गेला आणि वर्षानुवर्षे चालला. अरबीत युद्धातल्या अशा मालाला ‘गनीमत’ म्हणतात. आपला ‘गनीम’ त्याच घरातला. मोगलांच्या फारसी बखरी मराठ्यांना गनीम म्हणत, मराठ्यांनी तो शब्द घेऊन मोगलांवरच उलटवला.

1853 मध्ये नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले. दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले आणि वाड्यातल्या चीजवस्तूंचा लिलाव मांडला. म्हाताऱ्या बांकाबाईंनी कडाडून विरोध केला, उपयोग झाला नाही. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला विकले गेले आणि जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. कंपनीच्या दप्तरी ही रीतसर विक्री होती.