कमांड लाइनवरून स्क्रिप्ट चालवणे

कमांड लाइनवरून स्क्रिप्ट चालवणे म्हणजे संगणकाला द्यावयाच्या आज्ञा क्रमाने लिहून ठेवलेली मजकूर फाइल टर्मिनलच्या खिडकीतून कार्यान्वित करणे होय. टंकित आज्ञेचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात. नवशिक्याची स्क्रिप्ट चालत नाही, तेव्हा दोष पुष्कळदा तिच्या मजकुरात नसतो. तो फाइलीचे स्थान, तिची परवानगी किंवा तिचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम यांपैकी एका बाबीत असतो.

इतिहास

युनिक्स प्रणालीचा विकास बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये सुरू झाला. स्टीफन बॉर्न यांचे बॉर्न शेल १९७९ मध्ये प्रसृत झाले. ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेले बॅश १९८९ मध्ये आले व पुढे लिनक्सवर सर्वत्र रूढ झाले. मायक्रोसॉफ्टचे पॉवरशेल २००६ पासून उपलब्ध आहे.

स्थान

शेल नेहमी कोणत्या तरी एका फोल्डरमध्ये ‘उभे’ असते. फाइलीचा पूर्ण मार्ग हा टपालाच्या पत्त्यासारखा असतो : महाराष्ट्र, नागपूर, सीताबर्डी. नागपुरातच असलेल्या माणसाला केवळ ‘सीताबर्डी’ सांगितले तरी पुरते. पुण्यात असलेल्याला पुरत नाही. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ हा संदेश बहुधा असा अपुरा पत्ता दर्शवितो. लिनक्सवर चालू फोल्डरमधील स्क्रिप्ट चालवताना तिच्या नावाआधी ./ ही चिन्हे लिहावी लागतात. शेल आज्ञा ठरावीक फोल्डरांतच शोधते आणि सुरक्षिततेसाठी चालू फोल्डर त्यांत सहसा नसतो. ही चिन्हे राहून गेल्यास ‘कमांड नॉट फाउंड’ असा संदेश येतो.

परवानगी

‘परमिशन डिनाइड’ या संदेशाचा अर्थ बहुधा फाइलीला कार्यान्वयनाची परवानगी नाही, असा असतो. लिनक्सवर ती सीएचमॉड या आज्ञेने देता येते. अर्थ लावणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव आधी लिहून पुढे फाइलीचे नाव दिल्यास, उदाहरणार्थ पायथन व त्यापुढे फाइल, केवळ वाचनाची परवानगी पुरेशी ठरते.

अर्थ लावणारा प्रोग्रॅम

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत #! या चिन्हांनंतर संबंधित प्रोग्रॅमचा मार्ग लिहितात. विंडोजवर तयार केलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अधिक अदृश्य चिन्ह असते. त्यामुळे हा मार्ग बिघडतो आणि लिनक्सवर, फाइल समोर असूनही, काही तरी सापडत नसल्याचा संदेश येतो.

देवनागरी मजकूर

टर्मिनलची रचना समान रुंदीच्या चौकटींची असल्याने काही टर्मिनलांत मात्रा व जोडाक्षरे विस्कळीत दिसतात. फाइलीतील मजकूर मात्र शाबूत असतो. युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘नागपूर’ हा शब्द वाचकास चार अक्षरांचा दिसतो; संगणकास तो ६ चिन्हांचा व १८ बाइटांचा असतो. अक्षरे मोजणाऱ्या स्क्रिप्टचे उत्तर म्हणूनच अनपेक्षित येऊ शकते.

दक्षता

स्क्रिप्ट ती चालविणाऱ्याच्या सर्व अधिकारांनिशी चालते. लिनक्सवर आरएम या आज्ञेने काढलेली फाइल कचरापेटीत जात नाही. परक्या ठिकाणाहून घेतलेली स्क्रिप्ट आधी वाचणे आणि फाइलींच्या प्रतीवर चालवून पाहणे इष्ट असते. चालू स्क्रिप्ट सामान्यतः कंट्रोल व सी या कळा एकत्र दाबून थांबविता येते.

मराठीतील शिक्षण

बहुतेक त्रुटिसंदेश इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास ते अपयशाचा शेरा वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः दोषाचे ठिकाण त्यांतच नोंदलेले असते. मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स व बॅश या विषयांचे सुमारे दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ आहेत. प्रकल्पाचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येतात. विद्यार्थी पाठ ऐकत त्याच वेळी आज्ञा स्वतः टंकित करतो.