डॉक्टर न होता आरोग्याचं काम? प्लेगच्या काळातली तीन माणसं

'नीट निघाली नाही, आता बीएस्सी करतेय. आरोग्य क्षेत्राचा रस्ता बंद झाला का?' अशा अर्थाचे मेसेज आपल्याला सारखे येतात. कोर्सबद्दल सांगतोच, पण आधी तुम्हाला १८९६ च्या मुंबईत नेतो.

सप्टेंबर महिना. मांडवीतली धान्याची गोदामं आणि भोवतीची दाटीवाटीची वस्ती. तिथे प्रॅक्टिस करणारे मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांना संशय आला, की हा साधा ताप नाही, हा प्लेग आहे. बघता बघता लोक शहर सोडून पळू लागले.

सरकारने वाल्देमार हाफकिनला मुंबईत बोलावलं. हा माणूस डॉक्टर नव्हताच, तो प्राणिशास्त्रज्ञ! ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या तुटपुंज्या जागेत त्याने लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना ती दिली. काहींना लस, काहींना नाही, आणि मग दोन्ही गटांची तुलना. कैद्याची संमती कितपत खरी, हा प्रश्न आज आपण नक्की विचारू. पण मला इथे महत्त्वाची वाटते ती तुलना. एका रुग्णाकडे न बघता अख्ख्या गटाकडे बघायचं, मोजायचं आणि मग बोलायचं. सार्वजनिक आरोग्याचा पाया हाच.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. हाफकिनवर ठपका आला, काम सुटलं. रॉनल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ त्याच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ मध्ये तो दोषमुक्त झाला. दूषित झाली होती ती एकच बाटली, गावात उघडताना. म्हणजे लस उत्तम असून भागत नाही. शेवटच्या गावात ती कोण, कशी हाताळतं, यावर सगळं अवलंबून. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्याचं नाव मिळालं, तीच आपली हाफकिन संस्था.

आता दुसरा माणूस. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड. हाताशी सत्ता होती, फौज होती. सोल्जर घरात घुसून झडत्या घ्यायचे, बायामाणसांची तपासणी करायचे, सामान जाळायचे. लोक आजारी माणसाला लपवायला लागले. जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकलो. त्यातला आरोग्याचा धडा मात्र शाळेत सांगत नाहीत: लोकांचा विश्वास गेला, की रोग लपतो आणि लपलेला रोग पसरतो.

आणि तिसरी व्यक्ती, सावित्रीबाई फुले. त्या शिक्षिका. डॉक्टर झालेला मुलगा यशवंत याच्यासोबत त्यांनी पुण्याबाहेर प्लेगच्या रुग्णांची सेवा केली. त्यातच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. जिथे शिपाई दार फोडत होते, तिथे त्या माणसं उचलून आणत होत्या.

शिक्षणाची दारं मात्र सावकाश उघडली. १९३२ मध्ये कलकत्त्यात अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था सुरू झाली. १९४६ च्या भोर समितीने प्रतिबंधावर भर दिला. १९७० मध्ये जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी फारसं न शिकलेल्या गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका केलं. देशभर आशा ताई आल्या २००५ नंतर.

आज मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, म्हणजे एमपीएच, करायला दरवेळी एमबीबीएस लागत नाही. मुंबईत टिस आहे, पुण्यात विद्यापीठाचा आरोग्यविज्ञान विभाग आहे. लोकसंख्या आणि आकडेवारीत रस असेल तर देवनारची आयआयपीएस आहे, १९५६ पासूनची. पात्रतेचे नियम बदलत असतात, म्हणून फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचा.

कामं कोणती? साथरोगांवर लक्ष ठेवणं, डेटा, कार्यक्रम व्यवस्थापन, आरोग्यसंवाद, सामाजिक संस्थांमधलं काम. पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात. दरवर्षी मुदतवाढीची वाट बघायची तयारी हवी. खासगी कॉलेजची भरमसाट फी भरण्याआधी तिथल्या दोन-तीन माजी विद्यार्थ्यांना विचारा: नोकरी कुठे लागली, पगार किती, करार किती वर्षांचा? घरी कर्ज काढायला सांगण्याआधी हे विचारणं आपलं काम आहे.

आणि कॉलेजात असतानाच संख्याशास्त्र शिकून घ्या, आपल्या भागातल्या आशा ताईंसोबत एक दिवस फिरा. रजिस्टर भरता भरता दारोदार समजावणं जमतंय, आवडतंय का, ते तिथे कळेल. तुमचे प्रश्न पाठवा. पुढच्या भागात भेटूच!