माळवदाखालची माणसे

औराद हा बीदर जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुका. १९५६ साली झालेल्या राज्यपुनर्रचनेत तो तत्कालीन म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. राज्यांची सरहद्द आखली गेली. तथापि घरे बांधण्याची रीत त्या रेषेने विभागली नाही. बीदर, कलबुर्गी, लातूर आणि धाराशिव या चारही जिल्ह्यांतील जुने घर म्हणजे माळवदाचे घर. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, आत लाकडी खांब व तुळया, वर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात या घरात गारवा असे. घराचे मोजमाप खणांत होई आणि माणसाची पतही त्या खणांवरून ठरे. पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती घालावयाची, हा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता. परंतु दरवर्षीच्या त्या मातीबरोबर डोक्यावरचा भारही वाढत आहे, हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

ते ध्यानी आले ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून गावे उशिरा निजली होती. पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली. त्या काळच्या नकाशात हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित पट्ट्यात दाखविलेला होता. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे काही क्षणांत मातीची झाली. सरकारी गणनेप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे दगावली. बीदर-कलबुर्गीपर्यंत हादरे जाणवले. पुढे पाहणी झाली, तेव्हा एक गोष्ट दिसून आली. पुष्कळ ठिकाणी लाकडी खांबांचा सांगाडा उभाच होता; कोसळल्या होत्या त्या भिंती. त्यांच्या आतल्या व बाहेरच्या दगडांना एकत्र बांधणारे असे काहीच त्यांत नव्हते.

आता प्रश्न आला तो घरे उभी करण्याचा. देशभरातून संस्था धावून आल्या. परंतु परक्याचे घर बांधावयाचे ते कसे, हा प्रश्न किल्लारीच्याही पूर्वीचा आहे. त्याचा विचार करताना युरोपातील एका बर्फाळ डोंगराळ मुलखाकडे वळावे लागते.

पिएर सेरेझोल हा स्वित्झर्लंडचा एक इंजिनियर. त्याचे वडील त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेले होते. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, फ्रान्समधील व्हर्दनजवळच्या एन या उद्ध्वस्त खेड्यात तो काही सोबत्यांसह निवारे बांधावयास गेला. त्या सोबत्यांत जर्मनही होते. काल ज्यांनी गाव पाडले, त्यांच्याच देशबांधवांनी आज ते उभारावे, हीच त्यातील कल्पना होती. ती उदात्त खरी. पण ज्यांची जखम ओली होती, त्यांना जर्मनांचा हात नको होता. १९२१ च्या वसंतात या मंडळींना काम आवरते घ्यावे लागले. सेवा कितीही निर्मळ असो, ती घेणाऱ्याचे मन तीत नसेल तर ती अपुरीच राहते, असा तो धडा होता.

पुढे १९२४ साली आल्प्स पर्वतातील लेझ ऑर्मों या भागात हिमकडा कोसळला आणि शेतकऱ्यांच्या कुरणांवर दगडमातीचा व मोडक्या झाडांचा खच पडला. सेरेझोल आणि त्याचे मूठभर स्वयंसेवक तेथे गेले. ते वेतन घेत नसत आणि शिस्त मात्र सैनिकांची पाळीत. त्यांनी खोऱ्या-फावड्यांनी ती जमीन मोकळी करून दिली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात प्रचंड भूकंप झाला, तेव्हा हाच मनुष्य हिंदुस्थानात आला. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखाली तेथे मदतकार्य चालले होते. मुजफ्फरपूरच्या बाजूला भूकंपाने जमीन पुराच्या पाण्याखाली जाऊ लागली होती. तेथील लोकांसाठी उंचवट्यावर नवी गावे वसविण्याच्या कामात सेरेझोल व त्याचे सहकारी १९३७ पर्यंत राबले.

किल्लारीच्या परिसरात दोन्ही तऱ्हा शेजारीशेजारी घडल्या. सर्वस्वी उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथे सुमारे २८ हजार घरे उभी राहिली. जमीनधारणेप्रमाणे २५० चौरस फुटांपासून ७५० चौरस फुटांपर्यंत घर मिळाले. ज्या दगडांनी आपली माणसे गाडली, त्यांच्या सावलीत पुन्हा निजावयास लोक धजत नव्हते. तेव्हा स्थलांतर ही त्यांचीच मागणी होती. घरे पक्की झाली, यात शंका नाही. परंतु पुष्कळ गावांची आखणी शहरी वसाहतीसारखी सरळ रेषांत झाली. गुरे कोठे बांधावीत, धान्याचे बळद कोठे असावे, संध्याकाळी बायकांनी कोणत्या ओसरीवर बसावे, हे त्या आराखड्यांत मावले नाही. मग लोकांनी आपल्या हातांनी गोठे काढले, पडव्या जोडल्या आणि मिळालेल्या घराचे हळूहळू आपले घर केले.

दुसरी तऱ्हा होती ती दोन हजारांहून अधिक गावांची. तेथे घरे तडकली होती, पण गाव उठले नव्हते. जवळजवळ दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुती करावयाची होती. हे काम घरमालकांनीच करावे, सरकारने पैसा व मार्गदर्शन द्यावे, असे ठरले. शेकडो गावांतून ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केले. माळवदावरची जादा माती उतरवावयाची, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवावयाचे, दारखिडक्यांच्या वरून काँक्रिटचा पट्टा फिरवावयाचा, ही विद्या घरोघर पोहोचविण्यात या स्त्रियांचा मोठा वाटा होता. ज्यांनी कधी ग्रामसभेत तोंड उघडले नव्हते, त्या गवंड्याला जाब विचारू लागल्या. आणि २६ जानेवारी २००१ रोजी कच्छची भूमी हादरली, तेव्हा लातूर-धाराशिवकडच्या स्त्रिया तेथल्या बायकांना धीर द्यावयास व अनुभव सांगावयास गेल्या. मदत घेणारे हात मदत देणारे झाले होते.

आल्प्सच्या बर्फापासून मांजरेच्या काळ्या रानापर्यंतचा हा इतिहास एकच गोष्ट सांगतो. बाहेरून आलेला स्वयंसेवक दगड वाहू शकतो, बांधणीची नवी रीत शिकवू शकतो, आणि एकट्या पडलेल्या माणसाला सोबत देऊ शकतो. परंतु घर कसे असावे, हे सांगण्याचा अधिकार त्यात निजणाऱ्याचा असतो. औराद तालुक्यातील एखादे जुने माळवद आजही मातीचा भार पेलीत उभे असेल. ते मजबूत करावयाचे तर भूकंपाची वाट पाहण्याचे कारण नाही. वरची चार टोपल्या माती उतरविण्यास शेजाऱ्याचे दोन हात आणि सुट्टीचा एक दिवस पुरेसा आहे. सेवेची सुरुवात तेथूनच होते.