डाव्या हाताची रजा

इतिहासकारांनी आजवर डाव्या हातावर फार अन्याय केलेला आहे. तलवार उजव्या हातात, लेखणी उजव्या हातात, शपथ घ्यायला वर जातो तोही उजवाच. डाव्याच्या वाट्याला ढाल, म्हणजे मार खाण्याचं काम. आमच्या बँकेतही हीच रीत. सही करतो तो उजवा हात. ती होईपर्यंत व्हाउचरांचा गठ्ठा दाबून धरतो तो डावा. बढती कुणाला मिळते ते सांगायला नकोच.

तेव्हा डाव्या हाताचा एक स्वतंत्र इतिहास कुणीतरी लिहायलाच हवा होता. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, इतिहास दहावीला सुटला तो सुटलाच. पण परवा पुतण्याने आपल्या मोटरसायकलला ‘क्विकशिफ्टर’ नावाचं एक यंत्र बसवलं आणि मला म्हणाला, “काका, आता गिअर टाकताना क्लच दाबायला नको. डाव्या हाताला सुट्टी!” आता बँकेतल्या माणसासमोर कुणी सुट्टीचं नाव काढलं, की तो चौकशी केल्याशिवाय राहील का? रजा कुठली? किरकोळ, हक्काची की बिनपगारी? या चौकशीतून पुढला इतिहास निघाला.

अगदी सुरुवातीच्या मोटरसायकलींना गिअर नव्हते आणि पुष्कळशा गाड्यांना क्लचही नव्हता. इंजिनापासून चाकापर्यंत एक पट्टा. गाडी हाताने ढकलत धावायचं, इंजिन फुरफुरलं की टुणकन उडी मारून बसायचं, आणि थांबायचं झालं की इंजिनाचा गळाच दाबायचा. मग गिअर आले, पण दांडा बसवला पेट्रोलच्या टाकीशेजारी. गिअर बदलायचा म्हणजे एक हात हँडलवरून काढायचा. अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसनवर तर डाव्या हाताने गिअर आणि डाव्या पायाने क्लच अशी वाटणी होती. चौकात थांबलं, गाडी डावीकडे कलली आणि डावा पाय टेकावासा वाटला, तर क्लचचं काय करायचं हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा! हार्लेवर पायाने टाकायचा गिअर आला तो 1952 साली.

शर्यतीत एका हाताने वळण घेणं म्हणजे हाडवैद्याला आमंत्रण. बर्मिंगहॅमच्या व्हेलोसेट कंपनीत हॅरल्ड विलिस नावाचे गृहस्थ होते, इंजिनिअर आणि शर्यतपटू एकाच देहात. त्यांनी 1928 च्या सुमाराला पायाने टाकायचा असा गिअर केला, की एकदा दाबला की एकच गिअर पडतो आणि दांडा आपला पुन्हा मधल्या जागी येऊन उभा. किती दाबायचं याचा अंदाज नको. आज जगातली जवळपास प्रत्येक गिअरची मोटरसायकल विलिससाहेबांचंच मीठ खाते आहे. हात हँडलवर आला, पाय कामाला लागला आणि डाव्या हाताकडे एकटा क्लच उरला.

इथून पुढे, गाण्यात असतात तशी, गिअरमध्येही दोन घराणी झाली. एक घाईचं घराणं. त्याचा ध्यास एकच, गिअर बदलताना जाणारा वेळ वाचवायचा. दुसरं आरामाचं घराणं. त्याला वेळेचं सोयरसुतक नाही, चालवणाऱ्याचे हात दुखू नयेत एवढंच त्याचं म्हणणं.

आरामाच्या घराण्याचा मोठा उस्ताद जपानचा. होंडाने 1958 साली सुपर कब काढली तेव्हा सोइचिरो होंडांची अट होती म्हणे, की शेवयांचे वाडगे पोचवणाऱ्या पोऱ्याला ती एका हाताने चालवता आली पाहिजे, कारण दुसऱ्या हातात वाडग्यांची चळत. म्हणून क्लचची दांडीच काढून टाकली. पायाने गिअर दाबला की क्लच आतल्या आत सुटतो. 2017 साली या गाडीने दहा कोटींचा आकडा ओलांडला. एका शेवयावाल्याच्या डाव्या हाताची काळजी केली तर धंदा कुठवर जातो, हे ताळेबंदात मांडण्यासारखं आहे.

आपल्याकडे मात्र डाव्या हाताला ओव्हरटाइम होता, तोही बिनभत्त्याचा. व्हेस्पाच्या वंशातली बजाजची स्कूटर आठवा. क्लच डाव्या हातात आणि गिअरही डाव्याच मुठीत. क्लच दाबून सबंध मनगट पिरगाळायचं, आणि तिसऱ्यातून पहिल्यात येताना हात जवळजवळ पाठीमागे न्यायचा. 1972 साली चेतक आली. नंबर लागायला वर्षंच्या वर्षं जात. स्कूटर दारात यायची तोवर मनगटाची उमेद निघून गेलेली असायची. बुलेटवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांचा गिअर इंग्रजी वळणाचा, उजव्या पायाला. अमेरिकेने 1974 साली नियम करून गिअर डावीकडे नेमून दिला आणि बाकीचं जग त्या बाजूला गेलं, पण आपली बुलेट पुढे कितीतरी वर्षं उजवीकडेच ठाम होती. बुलेटवरून दुसऱ्या गाडीवर बसलेला माणूस गिअर टाकायला जाई आणि करकचून ब्रेक लागे. मागच्या सीटवरची मंडळी त्या क्षणी पुढच्या सीटवर येत.

या सगळ्यात माझ्या मामांची येझदी वेगळी. मूळ चेकोस्लोव्हाकियाची जावा. 1961 साली म्हैसूरला कारखाना निघाला, पुढे तिचं नाव येझदी झालं आणि 1996 साली कारखाना मिटला. तिचा गिअरचा दांडा म्हणजेच तिची किक. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, गाडी चालू झाली की पुन्हा खाली. एका दांड्यावर दोन खाती, आमच्या शाखेत हेडक्लार्क रजेवर गेला की होतं तसं. पण खरी गंमत पुढे आहे. त्या दांड्यावर पाय दाबला की क्लच आपोआप सुटायचा. गाडी उठवताना हात लागे. चालत्या गाडीवर गिअर बदलायला हाताची गरजच नव्हती.

मामा कोल्हापूरला उद्यमनगरात फिटर होते. एका कारखान्यात प्रेसखाली त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, तर्जनी आणि मधलं. क्लच ओढतात ती नेमकी तीच दोन. नुकसानभरपाईचे पैसे आले आणि मामींनी स्पष्ट सांगितलं, आता बसने जायचं. मामा महिनाभर बसने गेले. मग त्यांनी मित्राची येझदी मागून आणली, रंकाळ्याला एक फेरी मारली, आणि दुसऱ्या आठवड्यात जुन्या बाजारातून स्वतःची घेऊन आले. त्या गाडीवर ते पुढची पंचवीस वर्षं कामाला गेले. आम्ही पोरं टाकीवर बसून फिरायचो. क्लचच्या दांडीवर त्यांची तीन बोटं निवांत पडलेली असायची. गाडी कुणासाठी केली आहे, हे त्या तीन बोटांना नीट ठाऊक होतं.

आता घाईचं घराणं. त्यातलं अर्वाचीन रत्न म्हणजे पुतण्याचा क्विकशिफ्टर. त्याचं तत्त्व मी असं समजून घेतलं. बाहेरून पाहुणा दार ढकलत असेल तोवर आतून कडी निघत नाही. पाहुण्याने क्षणभर जोर सोडला, की कडी अलगद सरकते. गिअरपेटीतही तेच. इंजिन जोर लावत असतं तोवर आतले दाते एकमेकांत आवळून बसलेले असतात. क्लच दाबणं म्हणजे पाहुण्याला “जरा थांबा हो” म्हणणं. क्विकशिफ्टर ही विनंती परस्पर करतो. गिअरच्या दांड्यावर पायाचा दाब आला की एक सेन्सर ओळखतो आणि इंजिनाची ठिणगी साधारण 50 ते 80 मिलिसेकंद बंद पाडतो. जोर सुटतो, दाते सुटतात, पुढचा गिअर पडतो, ठिणगी परत. पाहुण्याला कळतसुद्धा नाही की आपण थांबलो होतो.

हे शर्यतीच्या गाड्यांवर आधी आलं. 2008 साली बीएमडब्ल्यूच्या एचपी-टू स्पोर्टवर ते कारखान्यातूनच बसून आलं, आणि 2020 पर्यंत पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या केटीएम 390 ड्यूकवरही पोचलं. पुतण्याची गाडी त्याआधीची, म्हणून त्याने सुटा संच आणला. किंमत ऐकून वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. एक रविवार बसवण्यात गेला. जुनी सळई काढून सेन्सरवाली सळई लावली, वायरी टाकीखालून कॉइलपर्यंत नेल्या आणि मग वेळ जुळवण्याचा खेळ सुरू झाला. ठिणगी जास्त वेळ बंद ठेवली की घाटातल्या एसटीसारखा गचका. कमी ठेवली की गिअर अर्ध्यावर अडकून दोन्हीकडचा नाही. शेवटी खालच्या गिअरांना थोडा जास्त आणि वरच्यांना कमी वेळ दिला तेव्हा समेट झाला.

आणि मग सहजीवन. हे यंत्र खूष असतं ते इंजिन जोरात फिरत असताना, मूठ भरपूर पिळलेली असताना. शहरात वीसच्या वेगाने दुसऱ्यातून तिसरा टाकला तर ते रुसतं आणि धक्का देतं. म्हणजे गावात क्लच आलाच. खालचा गिअर टाकताना इंजिनाला उलट क्षणभर वेग द्यावा लागतो. ते जमायला मूठ इलेक्ट्रॉनिक लागते, याची तारेची. म्हणजे उतरतानाही क्लच. थांबताना क्लच, निघताना क्लच. द्रुतगती मार्गावर हौस फेडावी, तर तिथे दुचाकीला बंदी. मी उदार मनाने हिशेब मांडला. एका गिअरला पाव सेकंद वाचला आणि दिवसात असे शंभर गिअर पडले, तर पंचवीस सेकंद जमा. घराजवळच्या सिग्नलवर रोज नव्वद सेकंद नावे. शिल्लक काय ते वाचकांनीच काढावं.

“काका, हिशेब नका करू, एकदा बसून बघा,” पुतण्या म्हणाला. त्याच्या मागे बसून जुन्या रस्त्याने गेलो. रिकाम्या सरळ पट्ट्यात त्याने चार गिअर एका दमात टाकले, आणि खरं सांगतो, तबल्यावर तिहाई पडावी तसं वाटलं. हिशेबात ते कुठल्या रकान्यात दाखवायचं मला कळलं नाही.

गेल्या दिवाळीला मामा आले होते. पुतण्याने त्यांना सगळं समजावून सांगितलं. मामा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, “आरं पोरा, ह्ये तर आमच्या येझदीला कवापास्नं हाय की!” दोन घराण्यांची गाठ आमच्या अंगणात पडली ती अशी. 2024 साली होंडाने ‘ई-क्लच’ आणला, म्हणजे निघताना-थांबतानाही क्लच यंत्रानेच सोडायचा. मामांना ते सांगितलं तेव्हा त्यांनी नुसतीच मान डोलावली.

त्यांची अडचण वेगळी होती. मुलाने त्यांना बिनगिअरची स्कूटर घेऊन दिली आहे. क्लच नाही, गिअर नाही, आराम घराण्याची पूर्ण फत्ते. पण क्लच काढल्यावर ती दांडी मोकळी राहिली, आणि मोकळी खुर्ची कुठल्या खात्याला बघवते? तिथे मागचा ब्रेक बसवला. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक किंवा एबीएस सक्तीचा झाला, त्यामुळे त्या डाव्या दांडीला आता दोन्ही चाकं जोडलेली. येझदीवर हे काम पायाकडे होतं. म्हणजे डाव्या हाताला रजा मंजूर झालीच नाही. क्लचवरून ब्रेकवर नुसती बदली झाली, आणि मामांच्या तीन बोटांना ती कुणी विचारून केली नाही.

मामांनी स्कूटर सुनेला दिली. येझदी अजून पहिल्या नाही तरी तिसऱ्या किकला सुरू होते.