पूर्वजांची बुद्धिमत्ता : मापनाचा प्रश्न आणि पंतोजींचे गणित

पूर्वीच्या काळातील माणसे बुद्धीने आजच्यापेक्षा उणी होती, असा समज सुशिक्षित वर्गातही आढळतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला आकडेवारीचा आधारही मिळाला. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील बुद्धिमापन चाचण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९३२ ते १९७८ या काळात तेथील सरासरी बुद्ध्यंक सुमारे १४ अंकांनी वाढल्याचे त्यातून दिसून आले. हाच वेग मागे नेल्यास १९०० च्या सुमाराची सर्वसाधारण व्यक्ती आजच्या मोजपट्टीवर बौद्धिकदृष्ट्या अक्षम ठरते. हा निष्कर्ष खुद्द फ्लिन यांनाही मान्य झाला नाही.

मुळात ही वाढ सर्वत्र सारखी नव्हती. दोन वस्तूंतील साम्य सांगणे, आकृत्यांची कोडी सोडविणे यांत ती मोठी होती. मुलांच्या चाचण्यांतील अंकगणित व शब्दसंग्रह यांत नाममात्र. म्हणजे बदलली ती विचार करण्याची सवय. अलेक्झांडर लुरिया यांनी १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातील निरक्षर शेतकऱ्यांना विचारले होते : उत्तरेकडील हिमप्रदेशात सर्व अस्वले पांढरी असतात, नोवाया झेम्लिया तेथेच आहे, तर तेथील अस्वले कोणत्या रंगाची? न पाहिलेल्या गोष्टीविषयी बोलण्यास शेतकऱ्यांनी नकार दिला. तर्कशास्त्राच्या परीक्षेत हे उत्तर चुकीचे ठरते. न्यायालयातील साक्ष म्हणून मात्र ते निर्दोष होय.

महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे मुखोद्गत केले जात. साडेतीनच्या दराने सात शेरांचे साडेचोवीस होतात, हे सांगण्यास कागद लागत नसे. आजच्या पदवीधरास हे सहसा जमत नाही. पण त्यावरून त्यास मंदबुद्धी कोणी म्हणत नाही. मग उलट दिशेनेच तो न्याय का लावावा?

अर्थात या शाळांचा गौरव करताना त्यांचे दरवाजे कोणाला बंद होते, हेही नोंदविले पाहिजे. मुली व अस्पृश्य मानलेल्या जाती यांना तेथे स्थान नव्हते आणि पुढे त्यांच्या अक्षरशून्यतेलाच बुद्धीचा अभाव समजले गेले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात महात्मा फुले यांनी बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. त्यांनी सुचविलेल्या अभ्यासक्रमात मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान यांचा समावेश होता.