बांधकाम कामगारांची सुरक्षा: शासन, बिल्डर आणि तिसरी खुर्ची

दरवर्षी 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. 1966 साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. त्या आठवड्यात मोठ्या गृहप्रकल्पांवर फलक लागतात, सरकारी अधिकारी पाहुणे म्हणून येतात, बिल्डरचे प्रतिनिधी भाषण करतात आणि कामगारांकडून शपथ घेतली जाते. अशा एका कार्यक्रमाला मी हजर होते. शपथ मराठीत होती आणि समोरच्या रांगांमधले बरेच जण तेलंगणा व छत्तीसगडचे होते. फोटो झाल्यावर नवी हेल्मेटे मोजून परत घेतली गेली.

शासन आणि बिल्डर यांनी मिळून कामगारांची सुरक्षा सांभाळावी, या कल्पनेत चूक काही नाही. निरीक्षकांची संख्या तुटपुंजी आहे, साइट हजारो आहेत, त्यामुळे सहकार्याशिवाय गत्यंतर नाही. मात्र या बैठकीत दोनच खुर्च्या असतील तर जीव ज्याचा धोक्यात आहे तोच बाहेर राहतो.

ही तिसरी खुर्ची आपल्या देशात कोणी मांडली, हे आपल्या वाचकांना ठाऊक असायला हवे. जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. पुढच्याच महिन्यात दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली त्रिपक्षीय कामगार परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी एका टेबलाशी बसले आणि त्यातूनच स्थायी कामगार समिती उभी राहिली. डिसेंबर 1943 मध्ये बाबासाहेब झरिया भागातील कोळसाखाणीत स्वतः उतरले. 1944 मध्ये कोळशावर उपकर लावून खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभारण्यात आला. उद्योगाकडून उपकर घ्यायचा आणि तो कामगाराच्या हितासाठी वेगळा ठेवायचा, हीच रीत पुढे बांधकाम कामगारांच्या कायद्यात दिसते.

तो कायदा 1996 चा, म्हणजे इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा. महाराष्ट्राचे नियम 2007 मध्ये आले. बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर, कामगारांची नोंदणी, कल्याणकारी मंडळ हा भाग बऱ्याच जणांना माहीत असतो. सुरक्षेचा भाग मात्र फारसा वाचला जात नाही. कलम 38 नुसार 500 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी सुरक्षा समिती बंधनकारक होती आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत, अशी स्पष्ट अट होती.

अडचण 500 या आकड्यात होती. सात-आठ मजल्यांच्या इमारतीवर इतके लोक एका वेळी नसतातच. मोठ्या संकुलात असतात, पण सेंट्रिंगचा ठेकेदार वेगळा, प्लास्टरचा वेगळा, रंगाचा आणि लिफ्टचा आणखी वेगळा. प्रत्येकाच्या हजेरीवहीत तीस-चाळीस नावे. मुकादमाला विचारले तर तो आपल्या टोळीपुरते सांगतो, वरच्या मजल्यावर कोण आहे हे त्याला माहीत नसते. समितीसाठी सगळी डोकी एकत्र मोजायची झाली तर मोजणार कोण?

आणि अपघात नेमके या फटीत घडतात. डक्टच्या मोकळ्या तोंडावर कोणी प्लायचा तुकडा टाकून ठेवतो, दुसऱ्या ठेकेदाराचा बिगारी त्यावर पाय देतो. स्लॅब पुरेसा घट्ट व्हायच्या आत टेकू काढले जातात, कारण प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्या असतात. परांचीवरच्या माणसाच्या अंगात बेल्ट असतो, पण हुक अडकवायला लाइफलाइन नसते, मग तो हुक स्वतःच्याच कमरेला लावून काम करतो. हे मी एकदा नाही, कितीतरी वेळा पाहिले आहे. बेल्ट दिल्याची सही रजिस्टरमध्ये असते.

सप्टेंबर 2023 मध्ये ठाण्यात बाळकुम येथे उंच निवासी इमारतीची बांधकाम लिफ्ट कोसळून 7 कामगार गेले. 29 जून 2019 च्या पहाटे पुण्यात कोंढव्याला मुसळधार पावसात शेजारच्या सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली. 15 जण मेले, त्यांत 4 लहान मुले होती. ती मुले कामावर नव्हती, झोपली होती. कामगारांना मोफत तात्पुरता निवारा द्यावा, असे कायद्याच्या कलम 34 मध्ये लिहिलेले होते. त्यामुळे मजुरांची वसाहत कुठे उभी करायची, हाही सुरक्षेचाच प्रश्न धरायला हवा.

नियामक कुणाचे किती ऐकतो हे दंडाच्या रकमेवरून कळते. फ्लॅट घेणाऱ्यांसाठी 2016 चा रेरा कायदा आहे. प्रकल्पाची नोंदणी केली नाही तर खर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. 1996 च्या कायद्यात सुरक्षा नियम मोडल्यास कमाल 3 महिने कैद किंवा 2000 रुपये दंड, किंवा दोन्ही. दोन हजार! ताबा लांबला तर ग्राहक महारेराकडे जातो, आणि जायलाच हवे. पण त्या तारखेचा ताण शेवटी रात्रपाळीच्या स्लॅबवर येतो, आणि तिथल्या माणसाला तक्रारीचे तसे दार नाही.

सहकार्याची काही उदाहरणे खरोखर चांगली आहेत. साइटवर पाळणाघर चालवण्याचे काम मोबाइल क्रेशेस या संस्थेने 1969 मध्ये दिल्लीत सुरू केले आणि पुढे मुंबई-पुण्यातही ते रुजले. बिल्डर जागा, वीज, पाणी देतो, संस्था बाई नेमते आणि मुले लोखंडी सळ्यांमधून बाहेर पडतात. पुण्यात क्रेडाईच्या ‘कुशल’ उपक्रमातून कामाच्या जागीच प्रशिक्षण दिले गेले. दोन्हीकडे यश का आले? कारण कुणीतरी तिसरा रोज साइटवर हजर होता.

याउलट मंडळाचा सुरक्षा संच पाहा. नोंदित कामगाराला हेल्मेट, बूट वगैरेची पेटी मिळते. मिळावी, मी विरोधात नाही. पण सुरक्षेची साधने पुरवणे ही मालकाची जबाबदारी आहे. ती कामगारांच्याच निधीतून भागवली तर बिल्डरचा खर्च कामगाराच्या खिशातून गेला, असेच म्हणावे लागेल. निधी पडून राहतो हा दुसरा प्रश्न. मार्च 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले की देशभरात 37,400 कोटींहून अधिक उपकर जमा झाला आणि खर्च सुमारे 9,500 कोटीच झाला.

21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 लागू झाली आणि 1996 चा कायदा तिच्यात विलीन झाला. निरीक्षक आता ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ झाला आहे, म्हणजे सहकार्य पदनामातच आले. सुरक्षा अधिकाऱ्यासाठी बांधकामावर 250 कामगारांची मर्यादा आहे, ही सुधारणा. नियमभंगामुळे मृत्यू झाल्यास 2 वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 5 लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, आणि दंडाची निम्मी किंवा अधिक रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, हीही सुधारणा. पण सुरक्षा समिती आता सरकारने आदेश काढला तर होईल, कायद्याने आपोआप नाही. स्वतःच्या राहत्या घराच्या बांधकामाला असलेली सूट पूर्वी 10 लाख खर्चापर्यंत होती, ती 50 लाखांपर्यंत गेली आहे. छोट्या शहरांतले बंगले, रो-हाउस यातून बाहेर पडतील आणि आपले कितीतरी गवंडी आणि बिगारी तिथेच काम करतात.

संहितेतले कलम 14 मात्र नाक्यावर वाचून दाखवावे असे आहे. जिवाला तातडीचा धोका वाटला तर कामगार ते मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवू शकतो, आणि मालकाने लगेच उपाय केला पाहिजे. शिवाय प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. ते मिळाले नाही तरी हजेरी कार्डाचा फोटो, मुकादमाचा नंबर आणि साइटच्या फलकावरचा महारेरा क्रमांक मोबाइलमध्ये ठेवावा. त्या क्रमांकावरून बिल्डर कोण हे सापडते.

मंडळाच्या नोंदणीसाठी वय 18 ते 60 आणि मागील 12 महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार देत नसेल तर ग्रामसेवक किंवा पालिकेकडून तो घेता येतो. नोंदणी जिवंत असताना कामावर मृत्यू झाल्यास वारसाला मंडळाच्या योजनेतून 5 लाख रुपये मिळतात, ते मालकाकडून मिळणाऱ्या नुकसानभरपाईव्यतिरिक्त. नूतनीकरण चुकले म्हणून ही रक्कम हातची गेलेली घरे मी पाहिली आहेत. विहारात रविवारी वंदनेला येणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी बांधकाम कामगार आहेत, त्यांनी कार्डावरची तारीख आजच पाहावी.