लाल विंचवाचा दंश व तीव्र हृदयविकार

लाल विंचवाच्या दंशानंतर काही तासांत उद्भवणारी हृदयाची व फुप्फुसांची आणीबाणीची अवस्था. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत गुठळी नसते, रुग्णाला मधुमेह वा जुना रक्तदाब नसतो, पुष्कळदा रुग्ण म्हणजे शाळकरी मूल असते. तरीही हृदयाचा डावा कप्पा अकस्मात दुबळा पडतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. रायगड किनारपट्टीच्या पाठीशी असलेल्या सावित्री खोऱ्यात, बिरवाडी, महाड व पोलादपूर येथे या विकाराचा रुग्णाच्या खाटेशी बसून अभ्यास झाला आणि त्यावरचा उपचारही तेथेच आकाराला आला.

लाल विंचवाचे शास्त्रीय नाव हॉटेन्टोटा टॅम्युलस. जुन्या लिखाणात तो ब्यूथस किंवा मेसोब्यूथस टॅम्युलस या नावांनी आढळतो. अंगाने तो लहान आणि तांबूस असतो, पाय पिवळसर. कोकणात आढळणारा मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण त्याच्या दंशाने हृदयावर संकट सहसा येत नाही. लोकांची भीती मात्र बहुधा आकाराच्या मापाने चालते. लाल विंचू निशाचर आहे. जांभ्या दगडाचे गडगे, सरपणाचे ढीग, पेंढ्याच्या उडव्या, कौलांखालची सांद ही त्याची ठिकाणे. त्यामुळे दंश होतो तो घरात, अंगणात किंवा शेतात, आणि पुष्कळदा रात्री.

विषातील प्रथिने चेतापेशींवरील सोडियमच्या वाहिन्या उघड्या ठेवतात. याच विंचवाच्या विषातून वेगळे केलेले आयबेरिओटॉक्सिन पोटॅशियमच्या एका प्रकारच्या वाहिन्या बंद करते. परिणामी स्वायत्त मज्जासंस्था अनावर होते. आधी उलट्या, दरदरून घाम, लाळ आणि पुरुषांत व मुलांत शिश्नाचा ताठरपणा. मागोमाग अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोट रक्तात येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब चढतो, नाडी धावते. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना, आणि त्याच द्रव्यांचा थेट मार बसून, हृदयाचा स्नायू थकतो. मग खोकला, धाप आणि तोंडाशी गुलाबी फेस. दंशानंतर अर्ध्या तासापासून पुढे काही तासांत हे सारे घडू शकते. ज्याला दंशाच्या जागी असह्य कळा येतात तो बहुधा वाचतो. ज्याची जागा फारशी दुखत नाही पण ज्याला घाम फुटला आहे आणि उलट्या होत आहेत, त्याच्याकडे आधी धावावे लागते.

यावरूनच तीव्रतेच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत केवळ वेदना, दुसरीत स्वायत्त मज्जासंस्थेचे वादळ, तिसरीत गार हातपायांसह फुप्फुसांत पाणी. चौथीत रक्तदाब कोसळलेला असतो, पण हातपाय उबदार होतात. ही ऊब सुधारणेची खूण समजणे घातक ठरते.

देहेड (जि. जालना) येथे १९५१ मध्ये जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा रायगडचे नाव अजून कुलाबा जिल्हा होते. विंचूदंश वेदनादायक असला तरी सहसा जीवघेणा नसतो, असा तेव्हाच्या वैद्यकीय शिक्षणाचा सूर होता. केंद्रात मात्र माणसे मरत होती. गावात विंचू उतरवणारे होते आणि दवाखान्यात गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण टोचले जाई. दोन्हीकडे रुग्ण काही काळ शांत दिसे, आणि तेवढा वेळ वाया जाई. बावस्करांनी प्रत्येक रुग्णाची नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचे तापमान तासातासाने नोंदवले. पुढे हृदयावर काय येणार हे आधी सांगणाऱ्या या लक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. महागडे यंत्र नसण्याची उणीव त्यांनी बारकाईने पाहून भरून काढली, हे या कामाचे खरे मोल वाटते.

पुण्याहून एम.डी. होऊन ते पुन्हा ग्रामीण भागात, पोलादपूरला आले. दोष आवळलेल्या वाहिन्यांत असेल तर वाहिन्या सैल करणारे औषध द्यावे, हा विचार. १९८३ मध्ये फुप्फुसांत पाणी झालेल्या एका मुलाला सोडियम नायट्रोप्रुसाइड देण्यात आले आणि ते वाचले. पण हे औषध शिरेतून थेंबाथेंबाने, उजेडापासून झाकून आणि सतत रक्तदाब मोजत द्यावे लागते. एका डॉक्टरच्या केंद्रात रोज ते जमणारे नव्हते. म्हणून प्राझोसिनकडे लक्ष गेले. रक्तदाबासाठी १९७० च्या दशकात वापरात आलेली ही स्वस्त गोळी वाहिन्या आवळणारे अल्फा ग्राही अडवते. हृदयावरील परिणामांसाठी तिच्या वापराचा अहवाल हिंमतराव व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच दिला. गंभीर रुग्णांतील सुमारे ३० टक्के मृत्यूंचे प्रमाण त्यानंतर १ टक्क्याच्या आसपास आले, असे त्यांचे अहवाल सांगतात. ही आधी-नंतरची तुलना आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे. तरी एवढी मोठी घट केवळ योगायोगाने होत नाही. हिंमतरावांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

प्राझोसिन दर किलो वजनामागे ३० मायक्रोग्रॅम या मानाने तोंडाने देतात आणि हातपाय गरम होईपर्यंत दर ३ तासांनी पुन्हा देतात. पहिल्या मात्रेनंतर उठल्यास भोवळ येते, म्हणून रुग्णाला आडवेच ठेवतात. मूल ओकत असेल तर नाकातून नळी घालावी लागते. सावकाश विरघळणारी गोळी येथे उपयोगाची नाही. चौथ्या पायरीवर, रक्तदाब आधीच कोसळला असताना प्राझोसिन वर्ज्य असून हृदयाचे आकुंचन वाढवणाऱ्या डोब्युटामिनचा आधार घेतात. घाम व उलट्यांनी शरीर कोरडे पडलेले असते, त्यामुळे पाणी काढणारी औषधे सरसकट देणे आणि सलाइन भराभर चढवणे, दोन्ही अंगलट येते. स्टेरॉइडचा उपयोग नाही. अॅट्रोपिनने घाम आटतो, पण नाडी आणखी धावते आणि हृदयाचा भार वाढतो.

नेहमीच्या हृदयरोगाशी गल्लत ही वेगळी अडचण. विद्युत हृदयालेख (ईसीजी) हृदयविकाराच्या झटक्यासारखा दिसतो, हृदयस्नायूला इजा झाल्याचे दाखवणारे ट्रोपोनिनही रक्तात वाढते. दंशाची हकिगत विचारली नाही तर गुठळी विरघळवणारे औषध दिले जाण्याचा धोका असतो, आणि येथे गुठळी नसतेच. गल्लत दुसऱ्या विषबाधेशीही होऊ शकते: पिवळ्या कण्हेरीच्या बिया खाल्लेल्या रुग्णाचे हृदय मंदावते, ठोके अडतात, तेथे अॅट्रोपिन उपयोगी पडते. दोन्ही रुग्ण उलट्या करतच येतात, म्हणून नाडीवर बोट ठेवल्याशिवाय औषध ठरत नाही.

प्रतिविषाबद्दल दीर्घकाळ मतभेद होते. मुंबईच्या हाफकिनमध्ये घोड्यांपासून तयार होणारे प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करते, पण त्या विषाने आधीच उसळवलेले अॅड्रेनॅलिन त्याला परतवता येत नाही. ते उशिरा दिले तर काय उपयोग, हा आक्षेप रास्त होता, आणि बावस्करही आरंभी साशंक होते. त्यांनीच महाडमध्ये दुसऱ्या पायरीच्या ७० रुग्णांवर चाचणी घेतली. तिचा निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. प्राझोसिन व प्रतिविष दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण १० तासांत पूर्ण बरे झाले, केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. पूर्ण बरे होण्याचा सरासरी वेळ १७.७ तासांवरून ८ तासांवर आला. वेळेत आलेल्यास दोन्ही द्यावे, हे यातून दिसते. तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या रुग्णांबद्दल मात्र ही चाचणी काही सांगत नाही. प्रतिविष संपले असले वा रुग्ण उशिरा पोचला, तर भिस्त प्राझोसिनवरच राहते.

संकट टळल्यावर हृदय बहुधा काही दिवसांत ते आठवड्यांत पूर्ववत होते. प्रतिध्वनी तपासणीत (इको) आधी मंद दिसलेला डावा कप्पा पुन्हा जोमाने आकुंचन पावतो, आणि झटक्यानंतर स्नायूवर उरतो तसा व्रण सहसा मागे राहत नाही.